एकोणतीस कबुल्या

"हो की नाही, एवढंच सांग," हॅमन कारभारी म्हणाला. "नाव नकोय मला. नावाचं मी विचारतच नाहीये."

एव्हिसनं कढईतल्या चरबीवर आलेला मळ पळीनं काढला आणि शेजारच्या मडक्यात झटकला. बत्त्यांसाठी मेंढीची चरबी कढत असली की तिच्या छपरीकडे सहसा कुणी फिरकत नसे, वासच तसा सुटायचा. हॅमन मात्र केव्हाचा दारात उभा होता आणि नाकाला बाहीसुद्धा लावत नव्हता. त्यावरूनच तिनं ओळखलं, गडी आज सहजासहजी हलायचा नाही.

"एकोणतीस माणसं तुझ्यासमोर गेली, एव्हिस. एकोणतीस जणांची कबुली तू ऐकलीस. त्यातल्या कुणी संत ऑल्डिथाची डबी घेतल्याचं कबूल केलं का? केलं असेल तर हो म्हण. नसेल तर नाही म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ती आपल्यातल्या कुणी घेतली नाही. मग उरतो कोण?"

उरत होता जॉरिस विणकर. परवापासून तो जमीनदाराच्या धान्यकोठारात कोंडलेला होता. समुद्रापलीकडून, फ्लँडर्सहून आलेला माणूस. आठ वर्षं गावात राहत होता, पण अजून त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, 'तो परका' म्हणत. दोष म्हणावा तर एवढाच, की गेल्या हिवाळ्यात मरी आली, दीडशे वस्तीच्या थॉर्नमेडमधली निम्मी माणसं मातीत गेली, आणि जॉरिसच्या घरातलं एकही गेलं नाही. तो, त्याची बायको लिस्बेट, दोन पोरं, चौघंही धडधाकट. हे लोकांच्या डोळ्यांत कधीचं सलत होतं. त्यात परवा धाकट्या पोराच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं एक हाड कुणाला तरी दिसलं. लिस्बेट रडून सांगत होती, मेंढीच्या पायाचं आहे हो, दात येताना चावायला बांधतो आम्ही. कोण ऐकतो? संत ऑल्डिथाच्या डबीत तिच्या बोटाचं हाड होतं. डबी गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर, संत मायकेलच्या सणानंतर चर्चमधून नाहीशी झाली, आणि महिन्याभरात गावात मरी शिरली. आधी संत गेली, मग मरी आली. लहान मुलालाही समजेल असा हा हिशेब होता.

"रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पडवीत सगळे जमणार आहेत," हॅमन म्हणाला. "तिथं तुला विचारणार. चर्चमधली चोरी म्हणजे फास, तुला माहीतच आहे. शेरीफची माणसं यायला आठवडा लागेल. लोक तेवढं थांबतील असं मला वाटत नाही."

"तू कारभारी आहेस ना? थांबव की त्यांना."

"कारभारी!" हॅमन कडवट हसला. "माझ्या बापाचं ऐकत होते लोक. माझं कोण ऐकतं? परवा कापणीला माणसं बोलावली तर म्हणतात, दुप्पट द्या, नाहीतर पलीकडच्या गावात जातो. उरलेत चार हात, त्यांना आता शिंगं फुटलीत." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "एव्हिस, तू गप्प बसलीस ना, तर लोक तुझ्याकडेच बघायला लागतील. आधीच बघतात."

ते काही त्यानं सांगायला नको होतं. उन्हाळ्यापासून लोक तिच्याशी कसे वागत होते ते ती बघत होती. पूर्वी मेणबत्ती न्यायला आलेली बाई घटकाभर ओट्यावर टेकायची, नवऱ्याच्या, सासूच्या कागाळ्या सांगायची. आता बायका दारातूनच हात पुढे करत. बापाची, आईची, नवऱ्याची शेवटची गोष्ट हिच्या पोटात आहे, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. आपल्याबद्दल ते काय बोलून गेले असतील, या विचारानं कुणीच तिच्या नजरेला नजर देत नसे.

हे सगळं सुरू झालं होतं बिशपसाहेबांच्या पत्रापासून. जानेवारीतल्या एका रविवारी फादर ऑस्बर्टनी ते वेदीसमोर उभं राहून वाचून दाखवलं होतं. लॅटिन वाचायचे, थांबायचे, मग आपल्या भाषेत सांगायचे. गावोगावचे पाद्री मरत आहेत. मरणाऱ्याजवळ पाद्री नसेल तर त्यानं कुणाही माणसापुढं आपली पापं सांगावीत, आणि पुरुष कुणी नसला तर बाईपुढं सांगितली तरी चालतील. बाईपुढं! मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं होतं. फादर ऑस्बर्टनी मान वर न करता पुढचं वाचलं होतं: जो ऐकेल त्याच्यावर पाद्र्याइतकंच बंधन राहील. जो बाहेर बोलेल त्याचं पाप फार मोठं, देवाघरीही आणि चर्चच्या कायद्यातही.

महिन्याभरात हसणारा गेला. त्याचीही कबुली एव्हिसनंच ऐकली.

तिनं काही ते काम मागून घेतलं नव्हतं. मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणाची बत्ती द्यायची ही जुनी रीत, आणि बत्त्या करणारी गावात ती एकटी. त्यामुळे माणूस शेवटच्या घटकेला आलं की घरचे धावत तिच्याकडे येत, बत्ती घेत, आणि म्हणत, तूच चल ना गं, आमच्यानं बघवत नाही. खरं कारण वेगळंच असायचं. काखेतली गाठ फुटली की जवळ जायला सख्खी माणसं भीत. एव्हिस भीत नव्हती अशातला भाग नाही. पण फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात तिचा नवरा ओडो गेला आणि त्यानंतर भीती धरून ठेवण्याइतकं काही तिच्याजवळ उरलं नव्हतं. ओडो चर्चची घंटा वाजवायचा, चर्चची किल्ली सांभाळायचा. त्याला निदान पाद्री मिळाला. फादर ऑस्बर्ट तेव्हा हिंडते-फिरते होते.

त्यानंतर बारा दिवसांनी फादर स्वतः अंथरुणाला खिळले.

चर्चमागच्या त्यांच्या खोलीत ती बत्ती घेऊन गेली तेव्हा त्यांनी तिला खूण केली. "दार लाव. बस."

"फादर, मूरलेटच्या फादरना बोलावते."

"मूरलेटचे गेले परवा. बस, एव्हिस. पत्र मीच वाचलं होतं ना? मग मलाही लागू आहे ते."

ती बसली. आपल्या लग्नात ज्यानं हातात हात दिला, आपली तीन बाळं एकामागून एक ज्यानं पुरली, तो माणूस आपल्यापुढं पापं सांगणार, या कल्पनेनं तिनं नजर हातातल्या बत्तीवरच ठेवली. फादर छताकडे बघत बोलले. मूरलेटला त्यांची बहीण राहायची, सिबिल. नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. मरी आधी मूरलेटला आली होती, इथं अजून कुणाला पत्ताही नव्हता. सिबिलला गाठ आली असा निरोप आला आणि त्यांनी वेदीजवळचं कपाट उघडून संत ऑल्डिथाची डबी झग्याखाली घेतली.

"रात्रीपुरती नेत होतो. तिच्या हातात दिली. म्हटलं, घट्ट धर, सकाळी येतो. शेजारच्या घरात एकजण शेवटचे श्वास घेत होता, त्याच्याकडे गेलो. परत आलो तर लोकांनी सिबिलच्या घराला आग लावली होती. म्हणाले, मेली ती, रोग पसरू नये म्हणून जाळतोय." फादरनी डोळे मिटले. "छप्पर खाली येईपर्यंत मी उभा होतो. मग घरी आलो."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. ओडोनं कपाट रिकामं बघून आरडाओरडा केला तेव्हा सांगायचं होतं. लोक विणकराकडे वाकड्या नजरेनं बघायला लागले तेव्हाही सांगायचं होतं. नाही सांगितलं."

"फादर," एव्हिस म्हणाली, "तुमच्यामागं मी सांगू का लोकांना? तुम्ही म्हणालात तर सांगेन."

फादर ऑस्बर्टनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडे तोंड वळवलं. दुपारपर्यंत ते जगले, पण पुन्हा बोलले नाहीत.

ते जर 'सांग' म्हणाले असते! या एका शब्दासाठी एव्हिसनं पुढं किती वेळा त्या मेलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याला गणती नाही.

हॅमन गेल्यावर तिनं कढई उतरवली, हात धुतले आणि ती नव्या फादरकडे गेली.

नवे फादर जर्व्हिस जूनमध्ये आले होते. वर्षापूर्वी ते लोकरीचे व्यापारी होते. बायको आणि तीन मुलं एका पंधरवड्यात गेली, तेव्हा त्यांनी दुकान सोडलं आणि बिशपसाहेबांकडे जाऊन उभे राहिले. पाद्र्यांची इतकी चणचण होती की चार महिन्यांत त्यांना दीक्षा देऊन थॉर्नमेडला पाठवलं. प्रार्थना म्हणताना अडखळत. बोलताना समोरच्याच्या बाहीचं कापड नकळत चिमटीत धरून बघत. एव्हिसच्या बाहीला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. बाईनं कबुल्या ऐकल्या ही गोष्टच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती.

"फादर, एक विचारायचंय," ती म्हणाली. "ऐकलेलं सांगायचं नाही, हे कळलं. पण अमुक एक गोष्ट ऐकली की नाही ऐकली, एवढं तरी सांगता येतं का?"

फादर जर्व्हिसनी तिच्याकडे संशयानं बघितलं. "म्हणजे ऐकलीयस."

"मी तसं म्हटलं नाही."

"ऐकली नसतीस तर विचारायला आली नसतीस." ते उठून फेऱ्या घालू लागले. "हे बघ, बाई. तुझ्या मनात काय आहे मला ठाऊक नाही. कदाचित तू काहीच ऐकलेलं नसेल आणि गावावर वचक राहावा म्हणून हे चाललं असेल."

"वचक! माझ्याकडून हल्ली कुणी बत्तीसुद्धा धड घेत नाही, फादर."

ते थांबले. त्यांनी फळीवरचं जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवून ओठ हलवले. मग पुस्तक मिटलं.

"मला धड वाचता येत नाही हे," ते एकदम म्हणाले, आणि त्यांचा आवाज व्यापाऱ्याचा झाला, साधा. "पण दीक्षेच्या वेळी एक म्हातारे गुरू होते, ते सांगायचे. कबुली ऐकणाऱ्यानं मान हलवून, डोळ्यानं, गप्प राहूनसुद्धा काही कळू द्यायचं नाही. हो नाही आणि नाहीही नाही."

"आणि तेवढ्यासाठी एखाद्या जिवंत माणसाची मान जात असेल तर?"

"ते त्यांनी सांगितलं नव्हतं," फादर जर्व्हिस म्हणाले.

रविवारी चर्चच्या पडवीत सगळं गाव जमलं. सगळं म्हणजे साठ-सत्तर माणसं. वर्षापूर्वी गाव पडवीत मावलं नसतं, आता मागं जागा मोकळी राहिली. जॉरिसला हात बांधून आणलं होतं. त्याच्या दाढीत धान्याचं कूस अडकलं होतं. लिस्बेट पोरांना घेऊन बाहेर, दगडी कुंपणाजवळ उभी होती. तिला आत कुणी येऊ दिलं नव्हतं. धाकट्याच्या गळ्यातला दोरा काढून टाकला होता आणि तिथं लाल वळ दिसत होता.

हॅमननं सगळ्यांदेखत विचारलं. शब्द तेच होते, फक्त आवाज मोठा.

एव्हिस पुढं आली. हॅमन आला त्या दिवसापासून ती लोकर कातल्यासारखी हेच वाक्य मनात कातत होती.

"मी ऐकलं की नाही ऐकलं, दोन्ही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही उद्या विचारलंत तरी हेच, दहा वर्षांनी विचारलंत तरी हेच."

"अगं, पण नाव विचारत नाहीये कुणी!" मागून कुणी ओरडलं.

"नावही नाही, आणि ते पोटात आहे की नाही तेही नाही. माझ्या गप्प बसण्यावर या माणसाला टांगायचं असेल तर टांगू नका. गप्प बसणं म्हणजे पुरावा नव्हे."

"ही त्या परक्याला मिळालेली आहे!"

"कापड दिलं असेल त्यानं!"

गलका वाढला. दोघातिघांनी जॉरिसला दारापर्यंत ढकललंही. तेवढ्यात गिरणीवाली मॉड काठी आपटून ओरडली, "गप्प बसा रे, मेल्यांनो! जरा डोकं चालवा." मॉड म्हणजे गावातली सगळ्यांत फटकळ बाई, नवरा मरीत गेल्यापासून गिरणी तीच चालवत होती. "आता मला सांगा. कुणीच काही कबूल केलं नसतं, तर 'नाही' म्हणायला हिच्या बापाचं काय जात होतं? परका लागतो का हिचा कोण? 'नाही' म्हणाली असती, मोकळी झाली असती. ती म्हणत नाही. का म्हणत नाही?"

 उत्तरही मॉडनं स्वतःच दिलं, पण तोपर्यंत तिचाही आवाज उतरला होता. "म्हणजे ते आपल्यातलंच कुणीतरी होतं."

 एव्हिस चेहरा दगडासारखा ठेवून समोरच्या खांबाकडे बघत होती. मनात मात्र तिला वाटलं, गेलं. आपण न बोलताच बोललो. फादर जर्व्हिस तिच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या नजरेत तेच होतं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. ज्याच्या घरातलं माणूस गेलं नव्हतं असं त्या पडवीत जॉरिसशिवाय कुणी नव्हतं. हॅमननं सुरी काढली. क्षणभर सगळ्यांना वाटलं, आता काय करतो हा! त्यानं जॉरिसच्या हातांची दोरी कापली आणि तो निघून गेला.

दुसऱ्याच दिवसापासून लोक एव्हिसकडे येऊ लागले. एकेकटे. बत्ती न्यायच्या निमित्तानं.

पहिली मॉडच आली. पडवीत काठी आपटणारी मॉड ओट्यावर अंग चोरून बसली. "एव्हिस, मी काही विचारत नाही हं. फक्त एवढंच सांग, आमचे हे नव्हते ना? त्यांचा हात जरा चोरटा होता गं. पिठात मारायचे मूठभर. पण संताची डबी... नव्हते ना?"

डबी घेणारा तो नव्हता. एव्हिसला ते सांगायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द जिभेवर आलाही होता. पण आज मॉडला सांगितलं तर उद्या दुसऱ्याला सांगावं लागणार. एकेकाला सोडवत गेलं की शेवटी एकच उरणार, आणि तो कोण हे गावाला बोटावर मोजून काढता येणार.

"मी ऐकलं की नाही ऐकलं, सांगणार नाही," ती म्हणाली.

मॉडचा चेहरा बघता बघता बदलला. "म्हणजे तेच होते."

"मी तसं म्हटलं नाही, मॉड."

"कळलं मला." ती उठली. बत्ती तिथंच टाकून गेली.

मग चांभाराचा मुलगा आला, आईबद्दल विचारायला. मग तिघी बहिणी आल्या, भावाबद्दल. एव्हिसनं सगळ्यांना तेच उत्तर दिलं, आणि जो तो तेच घेऊन गेला: म्हणजे आमचंच माणूस. काहीजण रडले. काहीजण घरी जाऊन शेजाऱ्याच्या मेलेल्यांवर घसरले. मॉडच्या मुलीचं हॅमनच्या भावाशी ठरलेलं लग्न मोडलं. चोराच्या घरची मुलगी नको म्हणे. त्यावर मॉड भर रस्त्यात म्हणाली, चोर तुमच्याकडचाच, हॅमनच्या मेलेल्या बापाच्या, म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या कमरेला चर्चची दुसरी किल्ली असायची, गावाला माहीत आहे. मेलेली माणसं मातीखाली होती, आणि त्यांची उणीदुणी वर निघत होती. विहिरीवर दोघी बायका एकमेकींच्या झिंज्या धरण्यावर आल्या. हॅमनही एकदा आला, दारातच उभा राहिला आणि काही न विचारताच परत गेला.

एव्हिसला वाटू लागलं, मरीत होतं ते बरं होतं. तेव्हा निदान लोक एकमेकांची प्रेतं उचलत होते.

आणि मग, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सगळं एकाएकी थांबलं. तिच्याकडे कुणी येईना. रस्त्यात भांडणं होईनात. मॉडच्या मुलीचं लग्न पुन्हा जुळल्याचं कानावर आलं. एव्हिसला उलगडा होईना. तो झाला जॉरिसकडून.

जॉरिसनं गाव सोडायचं ठरवलं होतं. माग मोडून गाडीवर चढवला होता, पोरं वर बसवली होती. जाताना त्यानं गाडी तिच्या दारात थांबवली. लिस्बेट खाली उतरली, तिनं तपकिरी लोकरीचं विणलेलं कापड एव्हिसच्या हातात दिलं, तिचे हात दाबले आणि पुन्हा गाडीवर जाऊन बसली. जॉरिस मात्र उभाच राहिला.

"बाई, माझ्या पोटात एक राहिलंय, बोलून जातो," तो म्हणाला. "तुम्ही मला वाचवलंत, हे मी विसरणार नाही. पण माझी मान दोरीत होती. मला धरलं त्या दिवशीच तुम्ही बोलला असतात तर मी रविवारपर्यंत कोठारात उंदरांशेजारी बसलो नसतो. माझ्या पोराच्या गळ्याला लोकांनी हात घातला नसता. नवरा मेला होता ना तुमचा? मेलेल्याला कोण टांगणार होतं?"

"नवरा?" एव्हिस म्हणाली.

जॉरिसनं तिच्याकडे बघितलं. हिला खरंच माहीत नाही की ही अजून सोंग करतेय, ते त्याला ठरवता येईना. "सगळं गाव बोलतंय. किल्ली त्याच्याकडे. कपाट रिकामं झाल्याचं ओरडला तोही तोच. चोराची पद्धतच असते ती. आणि बायको नवऱ्याला सांभाळणारच, म्हणून गप्प. म्हणतात, आता सगळं नीट जुळतं."

एव्हिसनं दाराची चौकट धरली.

"जपून जा," ती म्हणाली. "पुढं ओढ्याचा उतार निसरडा आहे."

गाडी दिसेनाशी झाली तरी ती तिथंच उभी होती. ओडो! ज्यानं आयुष्यात चर्चच्या जळक्या बत्तीचा बुडखासुद्धा घरी आणला नाही, आणि तिनं आणला तर तिच्याशी दोन दिवस अबोला धरला, तो ओडो. तापट, कटकट्या, घंटेचा दोर कुणाला शिवू न देणारा. त्याला हे कळलं असतं तर त्यानं घरोघर जाऊन दारं बडवली असती.

आणि ओडोबद्दल बोलायला तिला कुणाची बंदी नव्हती. त्यानं कबुली तिच्यापुढं नव्हती दिली, फादर ऑस्बर्टपुढं दिली होती. त्या एकोणतीस जणांत तो नव्हताच. एवढ्या एकाच बाबतीत तिचं तोंड मोकळं होतं. चर्चच्या पडवीत उभं राहून ती ओरडून सांगू शकत होती, माझ्या माणसानं घेतली नाही.

तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि ती निघाली. हॅमनच्या अंगणात पोचली तेव्हा मॉड तिथं बसलेली होती. मॉडची मुलगी आणि हॅमनचा भाऊ सफरचंदं निवडत होते, एकमेकांवर खराब फळं फेकत होते. म्हाताऱ्या कारभाऱ्याची खुर्ची कुणीतरी पुसून पुन्हा उन्हात ठेवली होती. एव्हिसला बघताच त्यांनी हातातली फळं खाली ठेवली.

हॅमन पुढं आला. तो लाजला होता. "ये, एव्हिस. लोक काहीबाही बोलतात... तुझ्या कानावर आलंच असेल. तुला काही सांगायचंय का?"

मॉडचा हात मांडीवर घट्ट आवळला गेला होता. एव्हिसला तो दिसला. ओडो नाही म्हटलं, की याच अंगणात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग कोण? तुझा बाप की माझा नवरा? आणि एक दिवस कुणीतरी शहाणा म्हणेलच, अरे, किल्ली फादरकडेही होती की. त्या दिवशी हीच माणसं ज्या हातानं त्यांना बाप्तिस्मा दिला, ज्या हातानं त्यांच्या मेलेल्यांवर पाणी शिंपडलं, त्या हाताबद्दल विचार करू लागतील. लग्नं, बारशी, पापक्षमा, सगळंच मग नासकं.

तिला फादर ऑस्बर्टचा राग आला. स्वतःचा आला. क्षणभर ओडोचाही आला, आपल्याला एकटीला टाकून गेला म्हणून.

"बत्त्या," ती म्हणाली. "सगळ्या मृतांचा सण आलाय. किती लागतील ते विचारायला आले होते."

हॅमननं श्वास सोडला. "नेहमीपेक्षा जास्तच," तो म्हणाला. "फार जास्त."

दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांच्या सणाची प्रार्थना झाली. फादर जर्व्हिसनी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायला घेतली. यादी लांब होती. एकेक नाव आलं की त्या घरची माणसं उठून उभी राहत आणि आपली बत्ती पेटवत. पहिलं नाव फादर ऑस्बर्टचं होतं. त्यांना घरचं कुणी नव्हतं, म्हणून सगळं गाव उभं राहिलं. एव्हिसही राहिली.

मग घरं एकामागून एक सुरू झाली. तिच्या शेजारच्या घराचं नाव आलं. एव्हिसनं हातातली बत्ती सरळ केली आणि ती उठायच्या बेतात गुडघ्यावर भार देऊन बसली. फादर जर्व्हिस क्षणभर थांबले, ओठ ओले केले, आणि त्यांनी पलीकडच्या घराचं नाव वाचलं.

कुणी वळून बघितलं नाही. न बघणं सगळ्यांना एकदम जमलं, त्यावरून कळत होतं की हे आधी ठरलेलं होतं. एव्हिस तशीच अर्धवट उठलेली बसून राहिली, मग हळूच मागं टेकली. यादी संपेपर्यंत तिनं न पेटवलेली बत्ती मांडीवर आडवी धरली होती.

बाहेर पडताना फादर जर्व्हिस दारात उभे होते. सगळ्यांना आशीर्वाद देत होते. ती जवळ आली तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "लोकांनीच सांगितलं मला. मी काय करणार? तुला वाटत असेल की चूक झाली, तर बोल. मी आत्ता आत जाऊन वाचतो."

त्यांनी पहिल्यांदाच तिची बाही चिमटीत धरली होती. तिनं जॉरिसचं तपकिरी कापड पांघरलं होतं. ते त्या कापडाकडे बघत होते, मग तिच्या चेहऱ्याकडे. त्यांना काहीतरी कळल्यासारखं वाटलं, किंवा कळू नये असं वाटलं. त्यांनी हात काढून घेतला.

"काही नाही, फादर," एव्हिस म्हणाली. "थंडी वाढली हो."

लोक घरोघर पांगले. चर्चच्या उत्तरेला मरीतल्या मेलेल्यांचा खंदक होता. फेब्रुवारी-मार्चात वेगळे खड्डे खणायला माणसं उरली नव्हती, म्हणून एकच लांब चर खणून सगळ्यांना शेजारी शेजारी ठेवलं होतं. फादरही त्यातच, ओडोही त्यातच. उन्हाळ्यात माती खचली, त्यावर खाजकुयली माजली, आणि आता कोण कुठं आहे हे कुणाला दाखवता आलं नसतं.

एव्हिस भिंतीच्या कडेनं खंदकाच्या एका टोकाशी आली. तिनं पांघरलेल्या तपकिरी कापडाचं टोक हाताला गुंडाळलं, खाली बसली आणि त्या टोकापासून खाजकुयली उपटायला सुरुवात केली. एक वाफा झाला की ती जराशी पुढं सरकायची. खंदक बराच लांब होता, आणि अजून बराच दिवस शिल्लक होता.